वीस माणसांचा सौदा

माझी गाडी सर्व्हिसिंगला होती, म्हणून चौक गावच्या शोरूममध्ये बसलो होतो. शेजारच्या टेबलाशी नवी गाडी घ्यायला आलेल्या, ओळखीच्या मालनबाई, मुलगा रत्नदीप, सून उज्वला, आणि समोर सेल्समन.

"पंधरा हजार कमी कर, नायतर आमी चाललो पनवेलला. ऊठ रं रत्नदीप."

"काकू, पाच हजारांच्या वर एक रुपया सुटणार नाही."

"ऊठ म्हनते ना!"

"आई, मी कवाचा उठलोय."

"खरंच जाणार, काकू? मग बाहेर टेंपोतून वीस माणसं हार-नारळ घेऊन कशाला उतरलीत?"

"तरी मी म्हनत होतो आई, आधी भाव ठरू दे, मग गावाला सांग."

"तू गप रं. गावाबिगर कोन गाडी घेतं? हे बघ बाळा, मानसं आमचीच हायत. भाव जमला, तर हार घालतील."

"आणि नाही जमला तर?"

"तर हितंच बसतील. आज रविवार, कुनाला घाई नाय. उज्वला, बोलाव गं सगळ्यांना आत. एसी हाय म्हनावं."

"थांबा काकू, मॅनेजरना विचारतो!"

"सावकाश विचार. आनि जाता जाता सगळ्यांना चहा सांग. तिघांना बिनसाखरेचा."