छप्पर कुणी उडवलं?

वादळं खरंच वाढली असतील, तर जावई निर्दोष सुटणार होता; नसतील, तर सासऱ्यांच्या घराचं छप्पर परवा त्याच्याच हातच्या कामानं उडालं, असं ठरणार होतं. पत्र्यांच्या दुकानातल्या रांगेत सासरे, सासूबाई आणि तो माझ्यापुढेच उभे होते.

“समुद्र तापलाय, मामा. त्यानं वादळाला जोर चढतो. शास्त्रज्ञच सांगतायत.”

“शास्त्रज्ञांनी तुमचे स्क्रू बघितलेत का, जावईबापू?”

“घट्ट होते हो!”

“वादळं आमच्या वेळीही यायची. छपरं जागेवर असायची.”

“एवढा जोर नव्हता तेव्हा.”

“एका वादळावरून हवामान ठरत नाही. कारागीर मात्र ठरतो.”

“अहो,” सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही स्वतः ठोकलेली स्कूटरची शेड कुठाय?”

“आहे की. मागच्या अंगणात.”

“शेजाऱ्यांच्या गच्चीवर आहे. सकाळीच फोन आला होता त्यांचा.”

रांग एक पाऊल पुढे सरकली.

“जावईबापू, काय म्हणत होतात? समुद्र किती तापलाय?”

“भयंकर, मामा.”

“तरीच!”

छपराचं आणि शेडचं बिल एकत्रच झालं. दोघं समुद्रात फार खोल गेले होते, म्हणून पैसे सासूबाईंनी भरले.