शनिवारचा बहिष्कार

तोलिब : सांगून ठेवतो पिंखास, आजपासून तुझी शेगडी मी पेटवणार नाही.

पिंखास : गेल्या शनिवारीही हेच सांगायला आला होतास.

तोलिब : तेव्हा पेटवली, कारण तू खोकत होतास. आज तत्त्व आहे.

पिंखास : बस तरी. तत्त्वाचे पाय दुखतील.

तोलिब : बसणारही नाही. तुमच्या धर्मात शनिवारी विस्तव पेटवायचा नाही, म्हणून चाळीस वर्षं मी आलो. बुखाऱ्यात तुम्हा यहुद्यांच्या गल्ल्या भरलेल्या होत्या तेव्हाही आलो, आता बोटावर मोजण्याइतके उरलात तरी आलो. पण झायोनिस्टाची, इस्राएलच्या पाठीराख्याची, शेगडी मी पेटवणार नाही.

पिंखास : मुलाने न्यूयॉर्कचं तिकीट पाठवलंय. वीस तारखेचं.

तोलिब : दरवर्षी पाठवतो. परत करतोस तू.

पिंखास : त्याला सांगायचो, इथे तोलिब आहे, मी कशाला येऊ. या वर्षी काय सांगू?

तोलिब : सांग की तोलिबला तत्त्व आहे. आणि शेगडी पेटवायला मला सांगू नकोस.

पिंखास : मी सांगितलं का? धर्माने मला शनिवारी तसं सांगताही येत नाही. मी एवढंच म्हणतो की घरात गारठा आहे.

तोलिब : हे आडून सांगणं झालं.

पिंखास : हे हवामान झालं.

तोलिब : तू झायोनिस्ट आहेस की नाही, एका शब्दात सांग.

पिंखास : माझी बहीण झुलाय तिकडे इस्राएलमध्ये राहते. गुडघे गेलेत तिचे. तिचा देश असावा असं मला वाटतं. याला काय म्हणायचं ते तू म्हण.

तोलिब : तिथे लढाईत लेकरं मरतायत.

पिंखास : मरतायत. मलाही झोप लागत नाही. तिथल्या मंत्र्यांना शिव्या घाल, दोन माझ्याकडूनही घाल. पण तू म्हणतोस, तो देशच नको. मग झुलायने जायचं कुठे?

तोलिब : इथे यावं. आपल्या घरी.

पिंखास : तिच्या घरात तुझा पुतण्या राहतो. कधी रिकामं करतो, विचार.

तोलिब : त्याने नुकतंच न्हाणीघर नवं केलंय.

पिंखास : बरं. झुलायला कळवतो, न्हाणीघरामुळे जमत नाही.

तोलिब : थट्टा नको. जगाच्या सगळ्या दोऱ्या तुमच्या हातात आहेत. फोनवर दाखवलं, नकाशासकट.

पिंखास : माझ्या हातात वस्तरा आहे. चाळीस वर्षं तुझ्याच मानेवर चालवला. तीन आठवडे तू बाजारातल्या न्हाव्याकडे जातोस. कानाला काय झालं?

तोलिब : कापला त्याने. पण माणूस तत्त्वाचा आहे.

पिंखास : दिसतंय. आणि वसंतातल्या आमच्या सणाला तू इथेच जेवतोस. शेवटी मी म्हणतो, पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये. तेव्हा तू काय म्हणतोस?

तोलिब : अमीन म्हणतो. पाहुण्याला म्हणावं लागतं.

पिंखास : तीस वर्षं म्हणतोयस.

तोलिब : म्हणजे मीसुद्धा झायोनिस्ट?

पिंखास : तीस वेळा.

तोलिब : मला आधी कोणी सांगितलं नाही हे.

(बोलता बोलता तोलिब काडी ओढतो, शेगडी पेटवतो, वर किटली चढवतो.)

तोलिब : ही मी माझ्या चहासाठी पेटवली. बहिष्कार चालू आहे.

पिंखास : आमचे धर्मगुरू, रब्बीही तेच म्हणायचे. दुसऱ्याने स्वतःसाठी पेटवली तर मला ऊब घेता येते.

(शाळेतल्या शिक्षिका नर्गिझा आत येतात.)

नर्गिझा : दार उघडंच होतं. पिंखासआका, तुमच्या शनिवारी आले, रागावू नका. तोलिबआकाही आहेत, बरं झालं.

तोलिब : या बाई. आमच्या नातीने, मोहिराने वर्गात काही केलं का?

नर्गिझा : निबंध लिहिलाय. पाचवीला विषय दिला होता, माझा शेजारी. गुण किती द्यावेत कळेना. वाचते. 'आमचे शेजारी पिंखासआजोबा न्हावी आहेत. ते दुकानातून सगळं जग चालवतात. पण शनिवारी त्यांना साधी शेगडी पेटवता येत नाही. ती माझे आजोबा पेटवतात. म्हणून शनिवारी जग माझे आजोबा चालवतात.'

पिंखास : आज शनिवार आहे, तोलिब. मोहल्ल्यातल्या गॅसचा दाब कमी झालाय, तेवढं बघ.

तोलिब : पुढे वाचा बाई.

नर्गिझा : पुढचं यांच्यासमोर नको.

पिंखास : माझ्यावरच लिहिलंय ना? वाचा.

नर्गिझा : 'ते मला जर्दाळूचा हलवा देतात. पूर्वी मी खायचे. आता कालव्यात टाकते, कारण आजोबांच्या फोनमध्ये दाखवलं की हे लोक खाण्यात लहान मुलांचं रक्त घालतात. मी त्यांना खोटंच सांगते की हलवा गोड होता. मला त्यांची भीती वाटते.'

तोलिब : मी तिला असं कधीच सांगितलं नाही.

नर्गिझा : फोन तुमचा ना, आका?

तोलिब : ते बघून मी हसलो होतो. ती शेजारी बसली होती. हसलो, पण हे खोटं आहे असं काही म्हटलं नाही.

पिंखास : तिचं जावळ मी काढलं. मांडीवर झोपली होती, रडलीसुद्धा नाही. ती मला घाबरते?

नर्गिझा : एकटी तीच नाही. मी वर्गात प्रश्नांचा डबा ठेवलाय, त्यात अशा सतरा चिठ्ठ्या आल्या. म्हणून सोमवारी तास घेतेय. यहुद्यांबद्दल काय काय खोटं पसरवलं गेलं, ते मी पुस्तकातून सांगेन. पण मुलांना समोर माणूस दिसायला हवा. तुम्ही या.

पिंखास : येऊन काय सांगू? की मी हलव्यात रक्त घालत नाही? हे माझ्या तोंडाने बोलायचं, या वयात?

तोलिब : तू नको बोलूस. मी बोलतो. तीस वर्षं या घरात जेवलोय मी. किती वाजता, बाई?

नर्गिझा : नऊला.

तोलिब : येतो. फक्त एक कर, पिंखास. मोहिरा विचारेल, आजोबा, खोटं होतं तर तुम्ही गप्प का बसलात. तेव्हा तू जरा वर्गाबाहेर थांब.

पिंखास : का?

तोलिब : तुझ्यासमोर सांगायची लाज वाटेल मला.

पिंखास : बाहेर नाही थांबणार. ते ऐकल्यावरच मुलाला फोन करून तिकिटाचं काय ते सांगीन.