बाळंतिणीला कुणी सांगायचं

मी मूळची औरादजवळच्या चिंताकीची. चौथीतच शाळा सुटली, कामून तर मागच्या भावंडांना सांभाळायला कुणी नव्हतं, अन् पुढं मालक गेल्यावर एका पाव्हण्यानं इथं गुलबर्ग्याच्या दवाखान्यात आया म्हणून लावून दिलं. काय सांगू ताई तुम्हाला, कन्नड धड येत नव्हतं, कुणी हाक मारली तरी वाटायचं, आता काढतेत बघा कामावरून.

दिवस भरायच्या आधी झालेल्या लेकरांची खोली माझ्याकडं. पुसायचं, दुपटी उकळायची, काचेच्या पेटीतलं लेकरू गार पडायलंय का बघायचं. आमच्या डॉक्टरीणबाईंची एक रीत होती, अवघड लेकरू असलं की सगळ्यांना पेटीभवती उभं करायच्या अन् खालच्यापासून विचारत यायच्या, आधी मी, मग सिस्टर, मग नवे डॉक्टर, शेवटी स्वतः. बाई आधी बोलल्या तर बाकीचे नुसतं व्हय व्हय म्हणतेत, म्हणून. नवे डॉक्टर माझ्याकडं बघून हसायचे, आता अक्काची परवानगी घ्या म्हणायचे.

खजुरी गावच्या एका पोरीचं पहिलं लेकरू होतं. श्वास मधीच थांबायचा, सिस्टरनं तळपायाला टिचकी मारली की चालू व्हायचा, मग टिचकीनंबी होईना. बाईंनी विचारलं, अजून सुया-नळ्या लावायच्या का आईजवळ द्यायचं? मी म्हणलं, द्या बाई, पर ते जायलंय म्हणून तिला सांगू नका, ओल्या बाळंतिणीच्या कानावर वाईट घालायचं नसतंय, दूध आटतंय. दारात तिची सासू उभी होती, तीबी तेच म्हणायली. सिस्टर म्हणाली, ते दूध प्यायचं कुणी, अक्का? नवे डॉक्टर म्हणाले, अजून एक सुई लावून बघू. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, जिचं लेकरू तिला अजून कुणी विचारलं न्हाई. तिला कन्नड येत न्हाई, तवा तूच जा.

तिच्या खाटेपाशी जाऊन बसले. बाई बोलल्या तसंच सांगितलं, वाचायची आशा लई कमी हाय म्हणून. पोरगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली, मग म्हणाली, मावशी, सुई टोचल्यावर रडतंय का ते? म्या म्हणलं, आता आवाजबी निघत न्हाई. मग माझ्याजवळ द्या, म्हणाली.

बाईंनी नळ्या काढल्या, नवे डॉक्टर स्वतः खुर्ची घेऊन आले. दुपारपर्यंत लेकरू तिच्या छातीशी होतं. बारसं तर झालंच नव्हतं, तिनं वाकून त्याच्या कानात काहीतरी नाव घेतलं, कोणतं ते म्या विचारलं न्हाई. सासू दारातून आत आली अन् तिचा पदर सारखा करून उभी राहिली.

दूध काही आटलं न्हाई तिचं. घरी जायच्या आधी शेजारच्या पेटीतल्या लेकरासाठी वाटीत काढून देऊन गेली.

तवापासून आईला आणून पेटीपाशी बसवतेत, माझ्या आधी तिला विचारतेत. बाई बदलून गेल्या, रीत ऱ्हायली. माझे गुडघे गेलेत ताई, अन् पोर मराठी असली की सांगायचं काम अजून माझ्याच गळ्यात. पर माहेरी न्हाई, सासरी न्हाई, तुला काय वाटतंय म्हणून मला त्या बाईंनीच विचारलं, असतील तिथं सुखी असू द्या त्यांना. उठते आता. औरादकडची एक पोर आलीय, पेटीपाशी बोलवायलेत.