एकेचाळिसावा दिवस

माइक : ...आणि म्हणूनच मी आज जाहीरपणे सांगते, की ओरुरो शहरातलं हे रुग्णालय विटा-सिमेंटवर उभं नाही. ते आम्हा डॉक्टरांच्या बुद्धीवरही उभं नाही. ते उभं आहे आमच्या सहायक भगिनींच्या हातांवर. बत्तीस जोड्या हातांवर.

बासिलिया : बत्तीसच्या बत्तीस जोड्या इथं सभागृहात खुर्च्यांवर बसल्यात. मग आत्ता रुग्णालय कशावर उभंय?

नेली : हळू बोल, बासिलियाताई. संचालकबाई बोलता बोलता इकडेच बघतायत.

बासिलिया : बघू देत. वाजले किती?

नेली : दहा पन्नास. मघाशी विचारलंस तेव्हा दहा सत्तेचाळीस होते.

बासिलिया : चौदा नंबरला आठ वाजता डाव्या कुशीवर निजवलंय. दहाला उजवीकडे वळवायचं होतं. आपल्याला साडेनऊला आणून बसवलं, म्हणाले अर्ध्या तासात सोडतो. आणि बाई उगवल्या साडेदहाला.

नेली : वळवलं असेल कुणीतरी. मोठ्या सिस्टर आहेत ना वर.

बासिलिया : दोन आहेत, चाळीस खाटांना. एक सलाइनच्या मागे, दुसरी फोनवर. खाली येताना मी सांगितलं, चौदा नंबर, दहा वाजता. तर म्हणाल्या, हो हो हो. एकदाच 'हो' म्हणाल्या असत्या तर मी विश्वास ठेवला असता.

माइक : मायेचा हा झरा अखंड वाहतो. त्याला दिवस नाही, रात्र नाही, सुट्टी नाही...

बासिलिया : फक्त आज आहे.

नेली : गप गं. तुला त्या सातुर्निनो आजोबांचं फार.

बासिलिया : अर्धांग झालेला माणूस तो. डावं अंग नुसतं सोबत आहे, कामाचं नाही. एकीनं खांद्याला धरायचं, एकीनं कमरेला...

नेली : मला काय शिकवतेस. कमरेला धरणारी मीच.

बासिलिया : तेच म्हणतेय. धरणाऱ्या दोघी इथं आहेत.

नेली : खायला साल्तेन्या आल्या वाटतं. वास येतोय. आतला रस्सा गरम आहे तोवर मिळाल्या तर बरं.

बासिलिया : त्याच्या डाव्या कुशीची ती जखम आठवते? घरून आणला तेव्हाची?

नेली : अंगठा जाईल एवढी खोल होती.

बासिलिया : साडेचार महिने लागले भरायला. आत्ता कुठे वर कातडी धरलीये. कांद्याच्या पापुद्र्याएवढी. तिला भाषण कळत नाही. मी उठते.

नेली : बस. दारात रोहास साहेब हजेरीपट घेऊन बसलाय. उठलं की रजा मांडतो. मघाशी फिलोमेना बाथरूमला निघाली, तर तिलाही विचारलं, अर्ज कुठाय.

बासिलिया : मांडू दे रजा.

नेली : स्वतःच्या सत्काराला गैरहजर? बरं दिसतं का ते?

बासिलिया : एकोणीस वर्षं कुणी आभार मानले नाहीत, तर माझं काही अडलं नाही. आज मानतायत, तर वॉर्डात जाता येत नाहीये. सोड माझा एप्रन.

नेली : नाही सोडत.

बासिलिया : नेली.

नेली : मला सांगितलंय तुला बसवून ठेवायला.

बासिलिया : कुणी?

नेली : आता फुटलंच तोंडातून. शेवटी एक खास सन्मान आहे. वर्षातली उत्तम सहायक. तुझा अर्ज मीच भरला. चार पानं. रोहास साहेब म्हणाला, दोन पुरेत. म्हटलं, दोन पानांत फक्त हिची चिडचिड मावेल.

बासिलिया : काय लिहिलंस?

नेली : खरं तेच. पहिल्या दिवशी माझ्या हातून बेडपॅन सांडलं, मी जिन्यात जाऊन रडत बसले, आणि तू येऊन म्हणालीस, रडून झालं की सात नंबरची दाढी करायचीये. ते लिहिलं. बोट दाबल्यावर कातडी पांढरी झाली तर ठीक, लालच राहिली तर जखम येतेय, हे तू शिकवलंस ते. आणि माणूस गेला तरी नातेवाईक यायच्या आधी तू त्याचे केस विंचरतेस, ते.

बासिलिया : ते कशाला लिहायचं?

नेली : कुणी बघत नाही म्हणून.

बासिलिया : ...वाजले किती?

नेली : ताई.

बासिलिया : बरं लिहिलंयस. वाजले किती?

नेली : अकरा दहा.

माइक : ...आणि आता विशेष सन्मान. तिसऱ्या मजल्यावरच्या पुरुष वॉर्डाच्या दारात आपण एक फलक लावला आहे. रोज एक आकडा बदलायचा. आज त्यावर एकेचाळीस आहे. म्हणजे एकेचाळीस दिवस त्या वॉर्डात एकाही रुग्णाला शय्याव्रण झालेलं नाही. पडून राहून जखम नाही. एकही नाही.

बासिलिया : चौदा नंबरची भरली त्या दिवसापासूनचे एकेचाळीस.

नेली : रोहास साहेबानं शंभर दिवसांचे आकडे छापून गठ्ठा करून फलकापाशीच ठेवलाय. शंभर झाले की केक.

माइक : त्याचं श्रेय जिला जातं, ती आपली बासिलिया कोंदोरी. तिनं व्यासपीठावर यावं. कार्यक्रमानंतर आपण सगळे त्या फलकापाशी फोटो काढणार आहोत. पण त्याआधी, या सन्मानामागची भूमिका मी थोडक्यात सांगते.

नेली : थोडक्यात म्हणाल्या, ताई. जा वर. हस जरा.

बासिलिया : दाराकडून जाते वर.

नेली : दार मागे आहे. व्यासपीठ पुढे.

बासिलिया : ठाऊक आहे.

नेली : सगळे वळून बघतायत. जा बाई, माझ्यासाठी जा.

(तिसरा मजला, चौदा नंबरची खाट. अकरा पन्नास. बासिलियाच्या केसांत सत्काराच्या वेळी उधळलेले रंगीत कागदी तुकडे.)

आजोबा : आलीस? डोक्यावर काय पडलंय?

बासिलिया : सत्कार. नेली, कमरेला धर. तीन म्हटलं की. एक, दोन...

आजोबा : भाषण ऐकलं मी. तुमचा भोंगा इथं भिंतीवरपण आहे. झकास बोलती बाई. कोकाच्या पानांची पहिली गोळी फिकी पडली तवा हातांवर बोलत हुती. दुसरी फिकी पडली, तरी हातांवरच.

नेली : वॉर्डात कोका चघळायचा नाही, आजोबा. कितीदा सांगायचं?

आजोबा : चाळीस वरसं खाणीत घड्याळ बघितलं न्हाई, पोरी. पानं गालात धरायची, चव गेली की कळायचं किती येळ गेला. दहाला तुमचा पत्ता न्हाई, म्हणून पहिली लावली. दुसरीची चव गेली तवा म्हटलं, आज काय ही येत न्हाई.

बासिलिया : हाक मारायची सिस्टरला.

आजोबा : मारली की. तर म्हणती, बासिलियाचा सत्कार चाललाय, तिला तरास देऊ नका.

बासिलिया : दुखतंय का इथं?

आजोबा : त्या कुशीचं मला काय इचारतीस? तिथलं मला काय बी कळत न्हाई. ती तुझ्याकडंच दिलीया.

बासिलिया : नेली, पडदा सरकव. उजेड येऊ दे. बोट दाब.

नेली : तूच दाब.

बासिलिया : तू दाब. चार पानं लिहिलीस ना?

नेली : दाबलं.

बासिलिया : सोड. पांढरं झालं?

नेली : नाही.

बासिलिया : पुन्हा.

नेली : लालच आहे. नाण्याएवढंच आहे, ताई. छोट्या नाण्याएवढं.

आजोबा : काय झालं?

बासिलिया : परत सुरू झालंय. आता डाव्या कुशीवर बिलकुल नाही. उजवीकडे नाहीतर पाठीवर.

आजोबा : उजवीकडं तो तेरा नंबर घोरत असतो तोंडावर.

बासिलिया : घोरू दे.

नेली : जिन्यात आवाज येतायत. बाई आल्या फोटोला. रोहास साहेबपण आहे.

बासिलिया : मग फलक बदल.

नेली : फोटो झाल्यावर बदलला तर? पाच मिनिटांचा प्रश्न आहे.

बासिलिया : सकाळपासून पाच मिनिटांचाच प्रश्न चाललाय. जा.

नेली : मी तो अर्ज भरला नसता, तर तू दहालाच उठून आली असतीस.

बासिलिया : आले असते.

नेली : हो.

बासिलिया : अर्ज चांगला होता. जा आता. एकेचाळीस काढ आणि शून्य लाव.

आजोबा : माझ्या पायी तुझा फोटो ऱ्हातोय का गं?

बासिलिया : मान इकडे करा. उशी सरकवते. ...नेली, लावलंस का?

नेली : नाही. गठ्ठा खालपर्यंत बघितला. एक ते शंभर आहेत. शून्य छापलेलंच नाहीये.