चौथ्या दगडावरचे सत्तावीस ठिपके

नाही, तो कोपरा नको, मॅडम, त्या बाजूचा पाय हलतो — टेबलाचा हो, सकाळपासून तीनदा पुठ्ठा घातलाय खाली — इकडे खिडकीशी सरका, उजेडही बरा आहे. चौघंही मावतील. चौघं म्हणजे हे दगड. आमच्या घरात त्यांना कुणी दगड म्हणत नाही, चौघं म्हणतात, जेवायला येणार असल्यासारखे. हां, तर तुम्ही विचारत होतात, हे खरे की खोटे यावरून इतकी वर्षं नक्की भांडतं कोण. तर खाली दुकानाच्या ओट्यावर, दर रविवारी, दोघं जण. एक शाळेचे जुने हेडमास्तर, ते खऱ्याच्या बाजूचे. दुसरे कोपऱ्यावरचे औषधवाले काका, ते खोट्याच्या. आणि मध्ये माझे वडील, आप्पा, ज्यांना हे दगड सापडले, ते छिन्नीला धार लावत बसतात.

औषधवाल्या काकांचं म्हणणं सरळ आहे. खजिना लपवणारा माणूस त्याचा नकाशा बारा-बारा किलोच्या दगडांवर कोरेल कशाला? त्याला खजिना लपवायचाय की त्याची पाटी लावायचीय? मास्तर म्हणतात, कागद जळतो, कापड कुजतं, दगडाला काय होतंय. काका म्हणतात, मग त्या माणसाने बायकोला तोंडी सांगून ठेवायचं. मास्तर म्हणतात, म्हणजे गावभर झालं असतं. — असं सगळं. हसू नका, मॅडम, म्हणजे हसा, पण हे हसण्यावारी राहत नाही. कारण शेवटी काका तो एक बाण काढतातच. गावात दगडावर इतकी सुबक रेघ ओढणारा माणूस एकच, म्हणतात, आणि नेमके त्यालाच नकाशे सापडतात. आप्पांचा धंदा तोच ना. घरांच्या पाट्या, इमारतींच्या कोनशिला, चाळीस वर्षं. दगड आणायला जुन्या खाणीत जायचे, तिथे ढिगाऱ्यात एक सापडला, वर्षभराने दुसरा, मग तिसरा. शेजारी शेजारी ठेवले तर रेघेला रेघ लागते — हा बघा डोंगर, दोन शेंड्यांचा, हा ओढा या दगडावरून त्या दगडावर जातो — आणि चौथा कोपरा तेव्हा रिकामा, हा चौथा खूप उशिरा मिळाला, त्याच खाणीत. तो रिकामा कोपरा मी लहानपणी इतका पाहिलाय, की अजून कुठे जमिनीतली एखादी फरशी निघालेली दिसली तरी थांबून बघते.

साखर किती? एकच? बरं.

खरं सांगू का, मॅडम — म्हणजे हे सांगायचं नव्हतं, पण तुम्ही एवढ्या लांबून आलात. संग्रहालयाला ते पत्र आप्पांनी नाही लिहिलं. मी लिहिलं. सही त्यांच्या नावाने केली, हो, चूक आहे, मला कळतं. त्यांना वाटतंय तुम्ही आपणहून दखल घेतलीत. सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, आणि तुम्ही यायच्या पाच मिनिटं आधी उठले, म्हणाले, जाणकार माणसाच्या डोक्यावर उभं राहू नये, मी नातीला बूट घेऊन येतो. नात म्हणजे माझी मुलगी, खारुटी. उद्या तिचा शाळेचा पहिला दिवस. दप्तर, पाण्याची बाटली, रुमालाला पिन, सगळं दोनदा भरून दोनदा बाहेर काढलंय मी, आणि तरी बुटांचं राहिलंच होतं. माझ्या हातून नेहमी एक राहतंच. माझा नवरा म्हणतो, तू काळजी करायच्या गोष्टींची यादी कर आणि यादी हरवून टाक. त्याचं काय जातंय, तो महिन्यातले वीस दिवस फिरतीवर.

तर पत्र का लिहिलं. आप्पा त्र्याहत्तरचे आहेत, मॅडम. गुडघा धरलेला, आणि अजून पंधरा दिवसांतून एकदा त्या खाणीत उतरतात. खाण कधीच बंद झालीय, कडेची भिंत पोकळ झालीय, गेल्याच महिन्यात पाय घसरून पडले, हे एवढं खरचटलं, आणि मला काय सांगितलं? जिन्यात पडलो. तेही मी धरून बसले असते उरात, पण परवा मी पोळ्या करत होते — पोळपाट इथेच होता — आणि बाहेर ते खारुटीला सांगत होते, की शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी लवकर उठून तयार राहायचं, बूट घालून, मी तुला चौथ्या दगडाची जागा दाखवतो. पहिल्या दिवशी. शाळेच्या. पाच वर्षांची पोर, आणि त्या खाणीत. मी पोळी करपवली, पण बोलले काही नाही. मी कधी बोलत नाही, आधी घाबरते, मग पत्रं लिहिते.

म्हणून म्हणते, तुम्ही फक्त लिहून द्या, शिक्क्यानिशी, की चारही खोटे आहेत. अलीकडचे आहेत, कुणीतरी गंमत म्हणून कोरले, शोधण्यासारखं काही नाही. तुमचं ते ऐकतील. माझं ऐकत नाहीत, पण शिक्क्याला मान देतात, आयुष्यभर सरकारी कोनशिलाच कोरल्या ना. बस, एवढंच —

काय म्हणालात?

नाही, परत सांगा. हे तीन? — जुने असू शकतात म्हणजे किती जुने? आप्पांच्या आधीचे? आप्पांच्या आजोबांच्या — थांबा, थांबा, असं कसं. रेघांच्या आत चढलेली ही राखाडी खपली, ती असं लवकर चढत नाही हे मलाही कळतं, मी रसायनशास्त्र शिकलेय, खारुटी व्हायच्या आधी प्रयोगशाळेत नोकरी होती माझी, पण मी त्या तिघांकडे कधी त्या नजरेने पाहिलंच नाही. मला वाटायचं — काय वाटायचं सांगू? की काका म्हणतात ते खरं असणार. आप्पांनीच कोरले असणार. गंमत म्हणून, आईला हसवायला. आई हसायची ना त्या नकाशांवर. मी माझ्या बापाला अठरा वर्षं मनातल्या मनात खोटारडा धरलं, मॅडम, आणि वर स्वतःला समजूतदार म्हणत राहिले. आणि ते तीन खरे निघाले.

आणि चौथा? नका सांगू. चौथ्याचं मला माहीत आहे.

नाही, तुम्ही भिंग ठेवा खाली, माझ्याकडेही नका बघू, खिडकीबाहेर बघा, मग सांगता येईल. चौथा मी कोरलाय. चौदा वर्षांची होते. आई गेली त्या वर्षी, आणि आप्पांनी अंथरूण धरलं. आजार नव्हता काही. भिंतीकडे तोंड करून पडायचे. पाच महिने दुकानाचं दार उघडलं नाही. शेजारच्या काकू जेवण पाठवायच्या, ताट जसंच्या तसं परत. मी शाळेतून यायचे, त्यांच्या पाठीशी बोलायचे, आज हे झालं, आज ते झालं, आणि ती पाठ — तुम्ही कधी कुणाच्या पाठीशी पाच महिने बोललायत? मग एकदा मी सहज म्हटलं, आप्पा, चौथा कोपरा सापडला तर? तर ते वळले. पूर्ण नाही, एवढंच, खांदा जरा हलला. एवढ्यावर मी कामाला लागले. अकरा दुपारी, शाळा सुटल्यावर, बंद दुकानात, दिवा न लावता, आवाज वर जाऊ नये म्हणून हातोडीच्या तोंडाला चिंधी बांधून. कोरायला मला त्यांनीच शिकवलं होतं. कोरून झाल्यावर चहाचा चोथा चोळला, तेल चोळलं, मागच्या मोरीशेजारच्या चिखलात दोन महिने पुरून ठेवला. मग सायकलला बांधून खाणीत नेऊन टाकला आणि घरी येऊन सांगितलं, आमच्या वर्गाची सहल गेली होती, तिथे असं असं काहीतरी दिसलं. माझा चेहरा खोटं बोलताना लाल होतो. तेव्हाही झाला असणार. आप्पा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग उठले आणि बूट घातले. मॅडम, त्यांनी बूट घातले. पाच महिन्यांनी. मी मोरीत जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा सांगायचं. आज सांगू, उद्या सांगू. मग दुकान उघडलं, मग जेवायला लागले, मग मास्तर आले आणि काका आले आणि रविवार सुरू झाले. कुठल्या रविवारी सांगणार?

आणि नकाशा तरी कसला. चौदा वर्षांच्या पोरीला कुठल्या जागा माहीत असतात? घर ते शाळा. तेच कोरलं, नुसतं उलटं फिरवून. हे चौकोन म्हणजे बाजारातली दुकानं. ही वाकडी रेघ, जिचा मास्तरांनी भुयारी मार्ग केलाय, ते शाळेमागचं गटार. हे झाड, ज्याच्या बुंध्याशी फुली आहे, ते शाळेच्या फाटकाजवळचं झाड. आणि हे ठिपके, सत्तावीस, यांच्यावर मास्तरांनी चाळीस पानांची वही लिहिलीय. चंद्राला फेरी मारायला सत्तावीस दिवस लागतात, तिथपासून सुरुवात. दर रविवारी ओट्यावरची सभा संपली की चहाला वर येतात, सत्तावीस पायऱ्या, धापा टाकत, तुम्ही बसलायत त्याच खुर्चीत बसतात, आणि मला सत्तावीसचं गूढ समजावतात. मी चहा देते. मी काय सांगू त्यांना, मास्तर, आत्ता चढून आलात ना, तेच?

कशाला हात लावताय तिथे? — हां, घाव. छिन्नीचे घाव. — हो, या तिघांवर सगळे घाव या बाजूला कललेत. आणि चौथ्यावर उलटे. हो, मी डावखुरी आहे, तुम्ही कसं — अच्छा, हातोडी डाव्या हातात असली की असा तिरपा — बरोबर. मला लक्षातच नाही आलं तेव्हा. एवढा चिखल, एवढा चोथा, आणि हेच राहिलं. सांगितलं ना, एक राहतंच.

आप्पांना? छे. त्यांना कसं कळेल. ते म्हणजे — हो, ते दगड ओळखतात, पण — नाही, तसं त्यांना दुसऱ्याचा हात कळतो. रस्त्याने जाताना एखादी पाटी दिसली की सांगतात, ही अमक्या कारागिराची, हा अक्षराच्या शेवटी घाई करतो. मला शिकवताना तर — डाव्या हाताची म्हणून छिन्नीला वेगळी धार लावून दिली होती त्यांनी. म्हणायचे, तुझ्या रेघा मी आंधळा झालो तरी बोटाने ओळखीन. — पण ते गमतीने म्हणायचे. चौथ्या दगडावर त्यांनी बोट फिरवलं होतं, मी समोर उभी होते. डोळे मिटून फिरवलं होतं.

नाही, मॅडम. कळलं असतं तर त्या झाडाखाली कशाला उभे राहिले असते? दगड सापडल्यावर, दुसऱ्याच दिवशीपासून. शाळा सुटली की फाटकाशी आप्पा. हातात मोजायची दोरी. मी मेल्याहून मेल्यासारखी. मैत्रिणी हसायच्या, तुझे बाबा झाड मोजायला आले. मी विचारलं, तर म्हणाले, नकाशातलं झाड हेच असावं असं वाटतंय, फुलीच्या जागी रोज येऊन बघायला हवं. आणि मग माझं दप्तर घ्यायचे, आणि आम्ही घरी यायचो. रोज. दहावीपर्यंत. मी म्हणायचे, आप्पा, दोरी तरी सोडून बघा एकदा, तर म्हणायचे, राहू दे, आज काम झालं. — त्यांनी ती दोरी कधी सोडलीच नाही. मला आत्ता आठवतंय. तिची गाठसुद्धा तीच होती, दोन वर्षं.

खाणीत जातात ते या तिघांसाठी जात असतील. ते तीन तर खरे आहेत, तुम्हीच म्हणालात. आणि चौथ्याची जागा, उद्या सकाळी, बूट घालून, खारुटीला — तिची शाळा तीच आहे, मॅडम. माझीच. झाडसुद्धा आहे अजून —

तो कागद जरा कोराच ठेवता का? शिक्का नको. थोडा वेळ. नाही, मी काही सुचवत नाहीये, मी कोण सुचवणारी, मी तर अठरा वर्षं —

खालचं दार वाजलं. आले ते. नाही, दगड झाकू नका, राहू दे तसेच. माझं तोंड लाल झालंय का? आपण चहा पीत होतो, एवढंच. डोळ्यांत काही नाही, वाफ आहे ती. — ऐका, खारुटी मोजतेय. नव्या बुटांचा आवाज बघा केवढा. तिला वीसच्या पुढे येत नाही हो, वीस झाले की थेट शंभर म्हणते, महिनाभर शिकवतेय मी. — अठरा. एकोणीस. वीस. — आता शंभर म्हणेल बघा.

आप्पा सांगतायत तिला. एकवीस. बावीस. — मॅडम, आप्पांना पायऱ्या मोजताना मी कधीच — चोवीस. पंचवीस.

सव्वीस.