उलट्या तारा

सुट्या भागांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढच्या आजोबांनी साबणाच्या डबीत बसवलेला गेमचा कंट्रोलर काउंटरवर ठेवला.

“घरीच केलाय, छोट्या कॉम्प्युटरला जोडायला. आमची ही खेळते. एक बटण अडकतंय.”

“झकास जमलाय, काका,” दुकानदार डबी उघडून म्हणाला. “पण डाव्या-उजव्याच्या तारा उलट जोडल्यात.”

“छे! दोन वर्षं रोज खेळतेय ती.”

“हे बघा, मीटर लावलाय. डावं दाबलं की उजवं लागतंय.”

“अरेच्चा! एरवी माझी एक चूक सोडत नाही हो. यावर चकार शब्द नाही!”

“पाच मिनिटांत सरळ करतो.”

“नको, बटण तेवढं बदला.”

“अहो, चूक तशीच राहील.”

“राहू द्या. तारा सरळ केल्या, तर मला कळलंय हे तिला कळेल.”