दहाव्याले देल्ला शब्द

तुमी लढाया इचारता, पण मले तं घरी आल्यावरचंच आठवते. बारा वर्सं जालन्याच्या छावणीत शिपाईगिरी करून मी वलगावले परतलो. दारात मोठा भाऊ कापसाची गाडी भरून राहिला होता. मी इचारलं, “बाबा कुठी गेले?”

“बाबाले जाऊन दोन वर्सं झाले,” तो म्हणे. हात काही थांबला नाही. “दहाव्याले पिंडाले कावळाच शिवेना. आईले संभाळतो म्हटलं, नाही शिवला. वावराच्या धुऱ्याचं भांडण मिटवतो म्हटलं, नाही शिवला. धाकट्याले पलटणीतून घरी आणतो म्हटलं, तं लगेच शिवला.”

मी म्हटलं, “मंग आणाले आला कावून नाही?”

“अमरावतीच्या पेठेत कापसाले असा भाव आला, गाडी रिकामी कुठी राह्यते?”

“अन् बाबाले देल्ला शब्द?”

त्यानं गाडीवरून दोर फेकला. “आणतो म्हटलं होतं. कवा आणतो, ते त्यायनं इचारलं नाही. धर, तिकडून वढ.”

पलटणीची सवय. हुकूम आला, मी वढला.